बसणाऱ्या मुलाची विजार

महाविद्यालयाच्या अंकात विजारीवर लेख, आणि तोही लहान मुलाच्या विजारीवर, हे पाहून काही वाचक पान उलटतील याची मला कल्पना आहे. आपल्या अंकात कृष्णविवरे येतात, ज्ञानेश्वर येतात, बेळगावच्या किल्ल्याचा इतिहास तर येतोच येतो. विजार अजून आलेली नाही. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी तीन विजारी बेतल्या व शिवल्या, आणि त्या निमित्ताने एका वक्ररेषेशी माझा जो परिचय झाला, तो बी.एस्सी.च्या वर्गात फळ्यावर पाहिलेल्या कोणत्याही वक्ररेषेपेक्षा अधिक निकटचा आहे. शिंपी तिला ‘आसन’ म्हणतात. या लेखाचा खरा विषय ती रेषाच आहे.

निमित्त घरचे होते. माझी ताई नोकरीसाठी आमच्याकडे, शहापूरला राहावयास आली. तिचा मुलगा अडीच वर्षांचा. ताईने कामावर जावयाचे तर मुलाने सकाळचे चार तास बालवाडीत काढले पाहिजेत, कारण आईचे ते तास शिलाईच्या गिऱ्हाइकांचे. पंधरा दिवसांतच बालवाडीतून निरोप आला, की मुलगा रोज कपडे ओले करतो, सवय लागेपर्यंत त्याला घरीच ठेवा. ताईची नोकरी नवी, रजा शिल्लक नाही. दोन दिवस घरात कोणी मोठ्याने बोलले नाही.

वास्तविक मुलाला सवय लागलेली होती. घरी तो उघडाच हिंडे आणि वेळ आली की मोरीकडे धावे. बालवाडीत जाताना मात्र त्याच्या अंगावर दुकानातून आणलेली तयार जीन्स असे. तिला पुढे चेन, वर धातूचे बटण, आणि काज इतके घट्ट की बटण काढताना माझाही अंगठा दुखे. मुलाला कळत होते; हाताला जमत नव्हते. खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याच्या रंगाची रिव्हेटसुद्धा होती. १८७३ साली अमेरिकेत जेकब डेव्हिस हा शिंपी आणि लेव्ही स्ट्रॉस हा कापडाचा व्यापारी या दोघांनी अशा रिव्हेटचे पेटंट घेतले, ते कष्टकऱ्यांच्या पँटी ताणाच्या जागी उसवत म्हणून. आमच्या भाच्याच्या खिशात फार तर अर्धे बिस्किट असते.

आईने ती जीन्स हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि एवढेच म्हणाली, “अरे, उभं ऱ्हातंय कुठं ते पोर? आणि ही बघ, उभ्या माणसाची शिवलीया.”

या एका वाक्यात विजारीचे सारे शास्त्र आहे असे मला पुढे दिसून आले. मोठ्या माणसाची पँट तो उभा असताना कशी दिसते यावर बेतलेली असते. लहान मूल उभे असते ते एक बैठक संपवून दुसरीकडे जाण्यापुरते. ते उकिडवे बसते, मांडी घालते, रांगते, कडेवर बसताना दोन्ही पाय फाकवते. खात्री करावयाची असेल तर टेप घ्या. मुलाच्या कमरेच्या मागच्या मध्यापासून खाली दोन पायांच्या मधल्या जागेपर्यंत तो उभा असताना माप घ्या, आणि तो उकिडवा बसला की पुन्हा घ्या. भाच्याच्या बाबतीत फरक दीड इंच भरला. पुढच्या बाजूला उलट होते. तेथे पोट आणि मांडी जवळ येतात व कापडाला घड्या पडतात. म्हणजे बसताना मागे कापड हवे असते आणि पुढे ते नको असते. ज्या विजारीची मागची व पुढची बाजू सारखी कापलेली असते, ती बसताना मागून खाली घसरते आणि मुलाच्या पाठीचा खालचा भाग उघडा पडतो. हे दृश्य आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

ही अडचण फार जुनी आहे. चीनमधील शिनच्यांग प्रांतात तुर्फानजवळ यांगहाय येथील थडग्यांत सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकरी विजारी सापडल्या. संशोधकांनी २०१४ साली त्यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्यांत कात्रीचे काम नाही. तीन तुकडे हव्या त्या आकारातच विणलेले आहेत, दोन पायांचे दोन आणि दोहोंच्या मध्ये बसवलेला तिसरा. हा तिसरा तुकडा मध्ये रुंद आहे, कारण घालणारे लोक घोड्यावर बसणारे होते. आपल्याकडे जुन्या पद्धतीच्या पायजम्यात दोन पायांच्या मध्ये जो चौकोनी किंवा शंकरपाळ्यासारखा तुकडा घालतात, ज्याला शिंपी मियानी म्हणतात, तो याच कामाचा. घोडेस्वार आणि आईच्या कडेवर बसलेले मूल यांची गरज एकच आहे. मियानी न घालता तेच काम आसनाच्या वळणाकडून करून घ्यावयाचे, एवढीच पुढच्या पद्धतीची हुशारी.

कापडाबद्दल. पहिली विजार नव्या कापडाची करू नये असे आईचे मत आहे व ते मला पटले. वडिलांचा जुना सुती पायजमा असेल तर उत्तम, कारण वारंवार धुऊन तो मऊ झालेला असतो, आटावयाचा तेवढा आटलेला असतो, आणि त्याच्या पायाची खालची दुमड आयती मिळते. मुलाच्या विजारीचा खालचा काठ त्या दुमडीवर ठेवून कापले की ते काम वाचते. मात्र मांडीवर आणि गुडघ्यावर विरलेला भाग टाळावा. उजेडासमोर धरले की तो ओळखू येतो. नवे कापड घेतल्यास पॉपलिन किंवा मऊ खादी घ्यावी. मांजरपाट स्वस्त, पण त्यातली खळ निघेपर्यंत मुलाची कातडी सोलते. कोणतेही नवे सुती कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापावे. विणताना आणि पुढच्या प्रक्रियांत धागे ताणलेले असतात. पाणी लागले की ते सैल होऊन आपल्या मूळ लांबीकडे जातात. आमच्या शहापूर-वडगावच्या मागांवर ज्यांनी हात फिरवला आहे त्यांना हे सांगणे नलगे.

आता बेत. कापण्याआधीच्या आखणीला मराठीत बेतणे म्हणतात आणि योजनेलाही बेतच म्हणतात. वर्तमानपत्राचे एक जोडपान घेऊन त्यावर आखावे; कापड लगेच हातात घेऊ नये. चार मापे लागतात. आमची अशी होती: कमर साडेएकोणीस इंच, बैठक म्हणजे ढुंगणाचा सर्वांत रुंद घेर २० इंच, कमरेपासून घोट्यापर्यंत उंची २० इंच, आणि आसनाची खोली. हे शेवटचे माप मुलाला सपाट पाटावर बसवून कमरेपासून पाटापर्यंत बाजूने घ्यावे. ते साडेसहा भरले. त्यात एक इंच सैलपणा मिळवून साडेसात धरले. कमर आणि बैठक यांत किती थोडे अंतर आहे ते पाहावे. या वयाच्या मुलाला कंबर अशी नसतेच, पोट असते. म्हणून कमरेला चिमट्या घालून आकार देण्याच्या भानगडीत पडूच नये.

या पद्धतीत बाजूची शिवण नाही. एका पायाला एकच तुकडा, पुढून मागे वळसा घालणारा. बैठकीचा निम्मा १० इंच, त्यात सैलपणा ३ इंच, म्हणून १३ इंच रुंद आणि २० इंच उंच असा आयत आखावा. वरून साडेसात इंचांवर आडवी रेघ मारावी. ही रेघ आयताबाहेर डावीकडे, म्हणजे पुढच्या बाजूला, दीड इंच वाढवावी. उजवीकडे, म्हणजे मागच्या बाजूला, अडीच इंच. या दोन आकड्यांतल्या एका इंचाच्या फरकाने बसण्याची निम्मी सोय होते. उरलेली सोय वरून करावयाची. मागच्या बाजूला कमरेची रेघ एक इंच वर चढवावी आणि टोक अर्धा इंच आत घ्यावे. मग पुढचे आणि मागचे टोक हलक्या उताराने जोडावे.

आता ती वक्ररेषा. पुढच्या बाजूला आडव्या रेघेच्या वर तीन इंचांपर्यंत कमरेची कड सरळ खाली आणावी आणि तेथून दीड इंच वाढवलेल्या टोकाकडे हलकेच वळवावी. मागच्या बाजूला वळण चार इंचांवरून सुरू करावे व अधिक खोल घ्यावे. पुढची रेषा विळ्याच्या टोकासारखी दिसावी, मागची मासे धरावयाच्या गळासारखी. हे वळण काटकोनात घेतले तर कोपऱ्यात कापड गोळा होते व मांडीला घासते. फारच उथळ घेतले तर दोन पायांच्या मध्ये जास्तीचे कापड झोळीसारखे लोंबते. हाताला वळण येत नसेल तर बशीची कड लावावी. आमच्याकडे चहाच्या बशीने पुढचे आणि जेवणाच्या ताटलीने मागचे वळण बरोबर आले. या बाबतीत गणिताचा फारसा उपयोग झाला नाही हे प्रांजळपणे नमूद करतो.

खाली मोहरी १२ इंच ठेवावी, आयताच्या मध्यापासून दोन्हीकडे सहा-सहा. आसनाच्या टोकांपासून मोहरीपर्यंत तिरक्या रेघा आणाव्यात, पण शेवटचे चार इंच सरळ उतरवावेत म्हणजे खालची दुमड सुरकुतत नाही. आतल्या दोन रेघांपैकी मागची किंचित लांब भरते. तेवढे कापड शिवताना सामावते.

मग माया. शिवणीच्या बाहेर जे जादा कापड सोडतात त्याला शिंपीकामात माया म्हणतात, आणि मुलांच्या कपड्यांत ती थोडी जास्तच ठेवण्याचा रिवाज आहे. आतल्या शिवणीला व आसनाला अर्धा इंच, वर नेफ्यासाठी सव्वा इंच, खाली साडेतीन इंच. खाली एवढी का, ते पुढे येईल. सारे धरून तुकडा सुमारे २६ इंच लांब व १८ इंच रुंद होतो. ४४ इंची पन्ह्याचे कापड असेल तर पाऊण मीटर पुरते. साध्या, बिनछापाच्या कापडात एक पाय सुलटा व एक उलटा ठेवून ३६ इंची पन्ह्यातही भागते. कापडाचे उभे धागे पायाच्या लांबीत यावेत. आणि एक सावधगिरी: कापड दुहेरी घालून कापले तर दोन पाय आपोआप आरशातल्या प्रतिबिंबासारखे येतात, एकेरी कापडावर दुसऱ्या वेळी कागद पालथा घालावा लागतो. नाहीतर दोन्ही पाय उजवे होतात, आणि तसे मूल अजून जन्माला यावयाचे आहे.

शिवण्याचा क्रम नवशिक्याला विचित्र वाटतो. प्रत्येक पायाची आतली शिवण आधी स्वतंत्र शिवावी. दोन नळ्या तयार होतात. एक नळी सुलटी करून दुसऱ्या उलट्या नळीत घालावी, म्हणजे कापडाच्या सुलट्या बाजू समोरासमोर येतात. आतल्या शिवणी एकमेकींवर जुळवाव्यात, पुढे पुढ्याला आणि मागे मागल्याला टाचावे, आणि पुढच्या कमरेपासून मागच्या कमरेपर्यंत आसनाची शिवण एका दमात घालावी. आतली नळी बाहेर ओढली की अचानक विजार दिसते. हा क्षण पाहण्यासाठी भाचा तीनही वेळा समोर बसून होता.

यंत्र नसले तरी अडत नाही. हाताने शिवावयाचे तर आतल्या शिवणीला बारीक धावदोरा चालेल, आसनाला मात्र चालणार नाही. तेथे उलटी टीपच हवी: सुई एक टाका मागे घालून दोन टाके पुढे काढावयाची. कारण असे. विणलेल्या कापडात उभे व आडवे धागे एकमेकांना काटकोनात असतात. धाग्याच्या दिशेने ओढले तर कापड फारसे ताणत नाही. तिरपे ओढले तर धाग्यांमधले चौकोन कलंडून शंकरपाळे होतात आणि कापड चांगलेच लांबते. आसनाची शिवण वळणदार असल्यामुळे तिचा मोठा भाग या तिरप्या दिशेत येतो. मूल उकिडवे बसले की तेथले कापड लांबते. धावदोऱ्याचा दोरा सरळ असतो, तो लांबत नाही, म्हणून तुटतो. आणि एकदा तुटला की पुढे सर्र उसवत जातो. उलट्या टिपेत दोरा मागे-पुढे वळसे घेत जातो, त्यामुळे त्याच्याजवळ थोडी लांबी शिलकीत असते. एखादा टाका तुटला तरी शेजारचे धरून ठेवतात. पँट नेमकी तेथेच का फाटते, या प्रश्नाचे उत्तर मला शिवणाच्या टोपलीत मिळाले. आसनाला दोनदा टीप घालावी, दुसरी पहिलीच्या अगदी लगत बाहेरून. मग वळणापुरती माया कापून पाव इंच करावी, दश्या निघू नयेत म्हणून काठ बेठून घ्यावा. ही शिवण मुलाच्या अंगाला सर्वांत जास्त लागते, तेव्हा येथे गाठ आतल्या बाजूला उघडी ठेवू नये.

वर नेफा. आधी पाव इंच व मग एक इंच दुमडून टीप घालावी. मागे दीड इंच जागा उघडी ठेवावी. नाडी घालू नये. कन्नड विभागातल्या माझ्या मित्राच्या घरी तिला लाडी म्हणतात. नाव काहीही असो, अडीच वर्षांच्या मुलाला निरगाठ सुटत नाही, आणि लोंबणारी नाडी कुठेतरी अडकण्याची भीती वेगळीच. पाऊण इंची इलॅस्टिक घ्यावे. आमच्या मापाला तयार पट्टा साडेसतरा इंचांचा, म्हणजे कमरेपेक्षा दोन इंच कमी. कापताना १८ इंच कापावे, कारण टोके अर्धा इंच एकमेकांवर ठेवून शिवावी लागतात. सेफ्टी पिन लावून ते नेफ्यातून ओवावे, पीळ पडला नाही ना ते पाहावे, आणि उघडी जागा बंद करण्यापूर्वी मुलाला एकदा घालून बघावे. पट्ट्याखाली दोन बोटे सहज जावीत. काढल्यावर पोटावर लाल वळ दिसला तर पट्टा अर्धा इंच वाढवावा. मागच्या बाजूला आतून रंगीत दोऱ्याचे चार टाके घालावेत. भाच्याला आम्ही तांबडा दोरा म्हणजे पाठ, एवढे शिकवले.

खरी परीक्षा येथे होती. दोन्ही अंगठे नेफ्यात घालून खाली ढकलावयाचे आणि पुन्हा वर ओढावयाचे, हे त्याला एका सकाळी जमले. खाली ढकलणे सोपे. वर ओढताना विजार मागे अडते, आणि तेथे तो एक इंच वर चढवलेला भाग उपयोगी पडतो, कारण हाताला धरावयास कापड मिळते. चीनमध्ये लहान मुलांना आसनाशी उघडीच ठेवलेली विजार घालण्याची जुनी रीत आहे. तीत हा प्रश्नच येत नाही. आपल्याकडे बालवाडीत ते चालले नसते. ताईने आठवडाभर शेजारच्या काकूंना विनंती करून मुलाला त्यांच्याकडे ठेवले, आणि पुढच्या सोमवारी दोन विजारी पिशवीत व एक अंगावर घालून बालवाडीत नेले. त्या दिवशी दुपारी पिशवीतल्या दोन्ही विजारी कोरड्याच परत आल्या. मंगळवारी एक ओली होती. त्यानंतर महिनाभरात तसे दोनदा झाले, आणि बालवाडीने काही कळवले नाही. ताई कामावर जाते.

खालच्या साडेतीन इंचांचे राहिले. वाढीच्या तक्त्यांप्रमाणे मूल एका वर्षाचे असताना सुमारे ७५ सेंटीमीटर उंच असते, दोन वर्षांचे असताना ८७ आणि तीन वर्षांचे असताना ९५-९६. म्हणजे तिसऱ्या वर्षात आठ-नऊ सेंटीमीटरांची भर पडते. त्यातली साधारण निम्मी पायांत जाते असे धरले तर विजार वर्षात दीड-पावणेदोन इंच आखूड होईल. कमरेचा घेर मात्र त्या मानाने फारच थोडा वाढतो. तेवढे इलॅस्टिक सांभाळून घेते. तेव्हा मुलाची विजार तोकडी होते ती बहुधा उंचीत, आणि लोक रुंदीत मोठी घेऊन ठेवतात. दीड इंचाची दुमड घालून झाल्यावर तिच्या वर, आतल्या बाजूने, अर्ध्या-अर्ध्या इंचाचे दोन आडवे टक घालावेत. प्रत्येक टक एक इंच कापड खातो. हे टक धावदोऱ्यानेच घालावेत. ते उसवावयाचेच असतात. घोटा दिसू लागला की खालचा टक सोडावा, काही महिन्यांनी वरचा. टक जेथे होता तेथे कापडाचा मूळ रंग गडद राहून एक पट्टा दिसतो. आईने त्यावर खणाच्या उरलेल्या काठाची पट्टी शिवली. भाच्याच्या पहिल्या विजारीला सध्या तशी एक पट्टी आहे. दुसरा टक दिवाळीच्या सुमारास सोडावा लागेल.